बगलेत नको, मग धरायचं कुठं?

“बगलेत हात घालायचा नाही, हात धरून ओढायचं नाही, मंग माणूस उचलावं तरी कसं बाप्पा?”

स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचा रुग्ण ज्या घरात आहे, तिथं फिजिओथेरपिस्टने पहिली सूचना दिली की हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. बुलडाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातलं जानेफळ घ्या. अशा गावातल्या बहुतेक घरांत रुग्ण उचलायचं यंत्र नसतं, वर-खाली होणारा पलंग नसतो. असते ती बाज, एखादी प्लास्टिकची खुर्ची, दिवसभर राबणारी आई किंवा बायको, आणि हाक मारल्यावर शेजारून धावत येणारं कुणीतरी. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर तेही नाही. रुग्णाला बाजेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून न्हाणीत आणि न्हाणीतून पुन्हा बाजेवर न्यायचं म्हणजे दिवसातून अनेकदा उचलणं आलं. दर वेळी मदत करणाऱ्याचे हात आपोआप बगलेत जातात, कारण लहानपणापासून प्रत्येकाने माणूस तसाच उचललेला पाहिलेला असतो.

धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही. स्नायू गेलेल्या माणसाचा खांदा मात्र अशा उचलण्याने हळूहळू सैल होतो, दुखायला लागतो, कधी जागेवरून सरकतो. आजार थांबवणं घरच्यांच्या आवाक्यात नसेल, पण खांदा सांभाळणं नक्की आहे. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू घरातच सापडतात.

१. आजार कोणता, आणि खांद्याशी त्याचा संबंध काय

हात हलवायचा तर मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतल्या चेतापेशींपर्यंत येतो, तिथून चेतातंतूंमधून स्नायूपर्यंत जातो, आणि मग स्नायू आखडतो. या वाटेवर चेतापेशी, चेतातंतू किंवा स्नायू यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी दिसणारा परिणाम एकच असतो: ताकद जाते.

स्नायूतच दोष असलेला सर्वांत परिचित आजार म्हणजे डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन शरीरात नीट तयार होत नाही आणि स्नायूंचे धागे तुटत जातात. हे प्रथिन १९८७ मध्ये सापडलं. आधी मांड्या आणि कंबर दुबळी होते, पोरगं जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकवत उठतं. पुढे खांदे जातात. चेतापेशीत दोष असलेला आजार म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. २०२१ मध्ये लहान बाळांसाठीच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्या आल्या, तेव्हा मराठी घरांत हे नाव पहिल्यांदा पोचलं. मोठ्या वयात चेतापेशी मरत जातात तो मोटर न्यूरॉन आजार. त्याचा एक प्रकार दोन्ही खांद्यांपासूनच सुरू होतो आणि हात अंगालगत लोंबायला लागतात.

चेतातंतूंचा आजार महाराष्ट्राने अगदी अलीकडे जवळून पाहिला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले. राज्यातली संशयित आणि निश्चित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला. या आजारात ताकद बहुधा पायांकडून वर जात जाते आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात. पण दवाखान्यातून घरी आल्यावर मधले दिवस असे असतात की माणूस शुद्धीवर असतो आणि हात मात्र उचलत नाही. याच दिवसांत घरचे त्याला उठवतात, बसवतात, न्हाऊ घालतात. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा असतात. उचलायचं कसं हे त्यावर क्वचितच लिहिलेलं असतं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हात चालत नाही म्हणजे त्याला दुखतही नसेल, असं पुष्कळांना वाटतं. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी आणि मोटर न्यूरॉन आजारात ताकद गेली तरी स्पर्श आणि वेदना सहसा शाबूत राहतात. खांदा ओढला गेला तर तो तितकाच दुखतो. मोटर न्यूरॉन आजारात बोलणंही गेलेलं असेल, तर रुग्णाला ओरडताही येत नाही. अशा वेळी मदत करणाऱ्याची नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी. कपाळावरची आठी किंवा डोळे घट्ट मिटणं हेच त्याचं बोलणं असतं.

२. पणतीतली मोसंबी

खांदा म्हणजे शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. त्याच्यामुळेच हाताने पाठ खाजवता येते, झाडावरची कैरी काढता येते, गोफण फिरवता येते. ही मोकळीक मिळाली आहे ती हाडांची पकड कमी ठेवून.

दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल आणि मोठं असतं. ते ज्या खाचेत बसतं ती खाच मात्र उथळ आणि लहान. पणतीत मोसंबी ठेवली तर जशी दिसेल तसंच हे प्रमाण. कोणत्याही क्षणी त्या गोळ्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग खाचेला टेकलेला असतो. खुब्याच्या सांध्याचं तसं नाही. तिथं गोळा खोल वाटीत रुतलेला असतो.

मग खांदा निखळत का नाही? त्याला धरून ठेवतात ते स्नायू. पाठीवरच्या फऱ्याच्या हाडापासून निघालेले चार छोटे स्नायू दंडाच्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून कवेत घेतात आणि खाचेकडे खेचून धरतात. वरून खांद्याचा मोठा स्नायू झाकण घालतो. सांध्याभोवती चिवट पिशवी असते, पण तिच्या एकटीच्या भरवशावर सांधा टिकत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फऱ्याचं हाड बरगड्यांना हाडाने जोडलेलं नाही. ते पाठीवर स्नायूंच्या आधारावर तरंगतं. सगळा हात आणि धड यांच्यामध्ये हाडाचा दुवा एकच, गळ्याखालची हासळी. स्नायू शाबूत असताना ही रचना उत्तम चालते. स्नायू गेले की दोन ठिकाणी एकदम आधार सुटतो: गोळ्याची खाचेवरची पकड जाते, आणि फऱ्याचं हाड पाठीवरून सुटल्यासारखं होतं, त्याची कड पंखासारखी वर येते.

आता वजनाचा हिशेब. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के असतो. साठ किलोच्या माणसाचा हात म्हणजे तीन किलो. एरवी हे ओझं जाणवतही नाही. पण स्नायू गेलेल्या खांद्यावर हे तीन किलो दिवसभर नुसत्या पिशवीला लोंबकळत राहतात. पिशवी ताणते, गोळा खाली उतरतो, आणि खांद्याच्या वरच्या हाडाच्या टोकाखाली बोट मावेल एवढी खाच दिसू लागते. डॉक्टर हे अंतर बोटांच्या रुंदीनेच मोजतात: एक बोट, दीड बोट, दोन बोटं.

३. बगलेत हात घातला की काय घडतं

लंडनचे डॉक्टर एडवर्ड मेरियन यांनी १८५२ मध्ये एक निबंध छापला. काही कुटुंबांतल्या मुलग्यांना, भावाभावांना, हळूहळू दुबळं करणारा आजार त्यांनी त्यात नोंदवला आणि मूळ बिघाड मज्जारज्जूत नसून स्नायूंत आहे असं सांगितलं. पुढे या आजाराला नाव मिळालं ते फ्रान्सच्या डुशेन यांचं. मेरियन यांच्या नावाने मात्र एक तपासणी ओळखली जाते. डॉक्टर मुलाच्या बगलांत हात घालून त्याला वर उचलतात. निरोगी मूल आपोआप दंड अंगाशी दाबून धरतं आणि हातांवर तोललं जातं. खांदे दुबळे असलेल्या मुलाचे दंड वर जातात, खांदे कानांपाशी पोचतात आणि अंग डॉक्टरांच्या हातांतून खाली निसटतं.

दवाखान्यात ही तपासणी काही क्षणांची असते आणि निदान झालं की संपते. घरी मात्र नकळत तीच दिवसातून अनेकदा होते, तीही पूर्ण वजन घेऊन.

समजा रुग्णाचं वजन पन्नास किलो आहे आणि एकाने त्याला मागून बगलेत हात घालून बाजेवरून अंतराळी उचललं. दोन्ही खांद्यांवर मिळून पन्नास किलोचा भार आला, म्हणजे एकेका खांद्यावर पंचवीस. उचलणाऱ्याचे हात दंड वर ढकलतात, अंगाचं वजन धड खाली ओढतं, आणि या दोन्हींच्या मध्ये सांध्याला खाली धरून ठेवणारा एकही स्नायू काम करत नाही. सगळा ताण पिशवीवर, हासळीच्या सांध्यावर आणि बगलेतल्या नसांवर जातो. हाताला ताकद आणि संवेदना देणाऱ्या मोठ्या नसांचा जुडगा बगलेतूनच जातो. आधीच आजारी असलेल्या नसांवर असा दाब रोज पडणं बरं नाही.

हात धरून ओढण्याची गोष्ट वेगळी नाही. झोपलेल्या माणसाला “उठ रे भाऊ” म्हणत मनगट धरून बसतं केलं जातं. धडधाकट माणूस त्या वेळी स्वतःचे पोटाचे आणि खांद्याचे स्नायू आवळतो. ओढणारा फक्त टेका देतो. दुबळ्या माणसाच्या बाबतीत धडाचं सगळं वजन खांद्यातून ओढलं जातं. अंगावरच्या पकडींपैकी मनगटाची पकड सर्वांत वाईट, कारण तिच्यात कोपर आणि मनगटही सापडतं.

सर्वांत घातक प्रकार घडतो तो मदतीला माणसं जास्त असताना. गावात हाक मारली की चौघं येतात. दोघं हात धरतात, दोघं पाय, आणि माणूस झोळीसारखा उचलला जातो. हेतू सोन्यासारखा असतो. पण अशा एका उचलीत खांदा सरकू शकतो.

४. मग धरायचं कुठं

धडाला. फऱ्यांच्या मागे, कमरेला, खुब्यांना आणि मांड्यांखाली. वजन धडाचं आहे, म्हणून पकडही धडाचीच हवी. रुग्णाचे दोन्ही हात उचलण्याआधी त्याच्या मांडीवर किंवा छातीवर आडवे ठेवायचे. “माझ्या गळ्यात हात टाक” असं सांगायचं नाही. त्यात त्याचे खांदे ताणले जातात आणि उचलणाऱ्याची मानही.

आधी बाज नीट करायला हवी. सुतळीची बाज मध्ये खोल गेलेली असते, माणूस तिच्यात रुततो, खांदे पुढे वळतात, आणि उचलणाऱ्याला पार वाकावं लागतं. वीण आवळून घ्यावी किंवा वर जाड फळी टाकून गादी घालावी. पायांखाली सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घेतले तर बाज खुर्चीच्या उंचीला येते. खुर्ची आणि बाज एका उंचीला आली की अर्धं उचलणं संपतं. मग मध्ये फळी टाकून सरकवलं तरी चालतं.

बसतं करताना आडव्या माणसाला सरळ वर ओढायचं नाही. त्याचे गुडघे दुमडायचे. ज्या कुशीवर वळवायचं त्या बाजूचा हात अंगापासून थोडा दूर ठेवायचा, म्हणजे तो अंगाखाली चेंगरत नाही. दुसरा हात छातीवर. मग एक तळवा वरच्या फऱ्यामागे आणि दुसरा खुब्यावर ठेवून सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं. पाय बाजेखाली सोडले की त्यांचं वजनच मदतीला येतं. आता खालच्या फऱ्यामागे हात सरकवून, दुसऱ्या हाताने खुबा दाबत, माणूस सरळ बसवता येतो. मानेला तोल नसेल तर डोकं मदतनिसाच्या कोपराच्या बेळक्यात घ्यावं. हे सगळं लिहायला लांब आणि करायला काही सेकंदांचं आहे. दोनचार दिवसांत हाताला वळण लागतं.

पायांत थोडी ताकद असेल तर कमरेचा पट्टा फार उपयोगी पडतो. तयार पट्टा मिळतो, पण गावातही तो करता येतो. खाटेची रुंद सुती नवार दुहेरी घ्यायची, शिंप्याकडून किंवा चपला शिवणाऱ्याकडून घट्ट शिवून घ्यायची, आणि दोन्ही बाजूंना व पाठीमागे मूठ जाईल एवढे बंद लावायचे. पट्टा कपड्यांवरून, कमरेच्या हाडांवर बसेल असा बांधायचा. आत दोन बोटं गेली पाहिजेत. मदत करणारा रुग्णाच्या समोर, गुडघ्यात किंचित वाकून उभा राहतो, बंद धरतो, दोघं मिळून पुढे झुकतात आणि वळून खुर्चीत बसतात. पट्टा दिशा द्यायला आणि तोल सावरायला आहे. माणूस टांगायला नाही. पोटात नळी असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल किंवा श्वास तोकडा असेल तर तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये.

पायांत ताकदच नसेल तर दोघांनी मिळून चादरीने हलवावं. मजबूत दुहेरी चादर किंवा सतरंजी खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घ्यायची, कडा अंगालगत गुंडाळून मुठीत धरायच्या, आणि “एक, दोन, तीन” म्हणून दोघांनी एकाच वेळी हलवायचं. बाजेवर वरच्या बाजूला सरकवायचं असेल तर चादरीखाली जुनी सिंथेटिक साडी दुहेरी करून घातली की घर्षण कमी होतं आणि अंग सहज सरकतं. काम झालं की साडी काढून घ्यायची, नाहीतर माणूस घसरून खाली येतो. कापड आधी दोघांनी दोन बाजूंनी ताणून बघावं; विरलेलं असेल तर वापरू नये.

लहान मुलाची गोष्ट सोपी. एक हात दोन्ही फऱ्यांच्या मागून, दुसरा मांड्यांखालून, मूल छातीशी, त्याचे हात त्याच्याच मांडीवर. पण मूल वाढतं. आज कडेवर बसणारा मुलगा काही वर्षांनी पस्तीस किलोचा होतो, आणि आई तोपर्यंत त्याच पद्धतीने उचलत राहते. मग तिची कंबर जाते. वजन वाढायला लागलं की एकटीने उचलणं थांबवून फळीवरून सरकवणं किंवा दोघांची चादर सुरू करायलाच हवी.

५. व्यायाम देताना हात किती वर न्यायचा

हलवला नाही तर सांधा आखडतो आणि आखडलेला खांदाही तितकाच छळतो. म्हणून दुबळा हात दुसऱ्याने रोज हलवून द्यावा लागतो. चूक होते ती उत्साहापोटी.

हात पूर्ण डोक्यावर जातो तेव्हा तो १८० अंश फिरतो. त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि ६० अंश फऱ्याचं हाड पाठीवर फिरल्यामुळे मिळतात. हे दोनास एक प्रमाण १९४४ मध्ये अमेरिकेतल्या इनमन आणि सहकाऱ्यांनी मांडलं. म्हणजे हात खांद्याच्या रेषेत, ९० अंशांवर आला तेव्हा सांध्याचे ६० आणि फऱ्याचे ३०. आता फरा हलवणारे स्नायू गेले आहेत आणि घरच्यांनी नुसता मनगटाला धरून हात ९० अंशांपर्यंत नेला, तर फरा मागेच राहतो आणि जवळजवळ सगळी हालचाल सांध्याला एकट्याला करावी लागते. दंडाचा गोळा वरच्या हाडाच्या टोकावर आदळतो आणि मधली शीर चिमटते. रुग्ण कण्हतो, घरच्यांना वाटतं, आखडलंय म्हणून दुखतंय, आणखी जोर लावा.

रीत अशी: एका हाताने कोपर आणि पुढचा हात खालून तोलायचा, दुसरा तळवा फऱ्यावर ठेवायचा. रुग्णाचा अंगठा वरच्या दिशेला ठेवून हात सावकाश बाजूला आणि पुढे न्यायचा, आणि फऱ्यालाही तळव्याने बरोबर फिरवायचं. ते जमत नसेल तर खांद्याच्या रेषेच्या वर हात न्यायचाच नाही. दुखणं सुरू होतं तिथं थांबायचं. झटका नाही, उसळी नाही.

छताला कप्पी बांधून दोरीने हात वर ओढण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. १९९० मध्ये अमेरिकेत अर्धांगवायूच्या रुग्णांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशी कप्पी वापरणाऱ्यांमध्ये खांदेदुखी इतर पद्धतींपेक्षा पुष्कळ जास्त आढळली. आजार वेगळा असला तरी दुबळ्या खांद्याचं यंत्र तेच आहे. डुशेनच्या मुलांना वजनं उचलायला लावून ताकद वाढवण्याचा प्रयत्नही टाळावा. त्यांचे स्नायू जोराच्या ताणाने आणखी तुटतात.

६. उरलेले तेवीस तास

उचलणं आणि व्यायाम मिळून दिवसातला फार तर एखादा तास. बाकी वेळ खांदा कुठं आणि कसा ठेवलेला आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

खुर्चीत बसल्यावर कोपर काटकोनात टेकलं पाहिजे. खांदा वर ढकलला जाऊ नये आणि खाली लोंबूही नये. प्लास्टिकच्या खुर्चीचे हात बहुधा खाली पडतात; त्यांवर टॉवेलची घडी बांधली की उंची जुळते. खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकली तर हात तिच्यावर राहतात आणि जेवण, मोबाइल, पुस्तकही समोर येतं. चाकाच्या खुर्चीत हात बाहेर घसरून चाकात किंवा दाराच्या चौकटीत सापडतो, म्हणून दारातून जाताना आधी हात बघायचे.

झोपताना पाठीवर असेल तर दंड आणि कोपराखाली गोधडीची घडी, म्हणजे कोपर खांद्याच्या खाली जात नाही. कुशीवर असेल तर खालचा फरा अलगद थोडा पुढे घ्यायचा. मग भार फऱ्याच्या सपाट भागावर येतो, सांध्याच्या गोळ्यावर नाही. वरचा हात पोटापुढच्या उशीवर. श्वासाचे स्नायू दुबळे झालेल्या रुग्णाला सपाट उताणं झोपवलं की धाप लागू शकते; त्याला डोक्याकडून उंच करूनच झोपवावं.

गळ्यातली झोळी दिवसभर नको. तिच्यात हात पोटाशी वळलेला राहतो आणि तसाच आखडतो. उभं राहताना, चालताना किंवा प्रवासात तेवढी वापरावी. जानेफळहून मेहकरला किंवा अकोल्याला जीपने जायचं असेल तर मांडीवर उशी, उशीवर दोन्ही हात, आणि वरून ओढणीचा सैल वेढा. म्हणजे खड्ड्यागणिक हात उडत नाहीत. उतरल्यावर वेढा सोडायचा.

कपडे घालताना आधी जास्त दुबळा हात बाहीत, मग दुसरा. काढताना बरोबर उलट. मदत करणाऱ्याने आपला हात बाहीच्या तोंडातून आत घालावा, रुग्णाचा तळवा सैल धरावा आणि बाही वर सरकवत न्यावी. ओढायची ती बाही. हात तिथंच राहतो. डोक्यातून घालायचे बनियन आणि टीशर्ट सोडून समोरून उघडणारा सदरा बरा. बायांसाठी पुढून हुकाचं, मोठ्या बाहीचं ब्लाउज किंवा समोरून उघडणारा गाऊन. शिंपी कुशीची शिवण उसवून तिथं चिकटपट्टी लावून देतो, तेवढ्याने हात वर करण्याची गरजच संपते. ही बाब फार किरकोळ वाटेल, पण दिवसातून दोनदा कपडे बदलताना होणारा त्रास रुग्ण बोलून दाखवत नाही, खास करून सून किंवा मुलगी कपडे बदलत असेल तेव्हा.

७. दुखलं, वाजलं, सरकलं तर

उचलताना कट् असा आवाज आला आणि त्यानंतर दुखायला लागलं, खांद्याचा आकार बदलला, हात सुजला, काळानिळा पडला किंवा बोटं बधिर झाली, तर हात आहे त्या स्थितीत उशीवर तोलून दवाखाना गाठायचा. हाडं बसवणाऱ्याकडे नेऊन खांद्याला झटका देणं, पाय लावून हात ओढणं, चमक काढणं हे दुबळ्या खांद्याच्या बाबतीत धोक्याचं आहे. स्नायू गेलेल्या आणि दीर्घकाळ न चाललेल्या माणसाची हाडंही ठिसूळ झालेली असतात. झटक्याने ती मोडू शकतात. तेल लावून हलक्या हाताने मालिश करायला हरकत नाही, सांधा मात्र दाबायचा नाही. गुलियन-बारेसारख्या आजारात संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून गरम शेक देताना पिशवी आधी स्वतःच्या हातावर धरून बघावी.

दवाखान्यात सांधा बसवायला भूल द्यावी लागली, तर त्याआधी आजाराचं नाव डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. डुशेनच्या मुलांना भुलेची काही औषधं, त्यात सक्सिनिलकोलीन येतं, जिवावर बेतू शकतात. मोटर न्यूरॉन आजारात झोपेच्या औषधाने श्वास मंदावू शकतो. रात्री-अपरात्री अपघात विभागातल्या डॉक्टरांना हे आपोआप कळत नाही. आजाराचं नाव आणि नेहमीच्या डॉक्टरांचा फोन लिहिलेला कागद रुग्णाच्या खिशात किंवा मोबाइलच्या कव्हरमध्ये कायम असावा.

नुसतीच जुनी दुखी असेल तर गोळ्या स्वतः विकत घेऊन खात राहण्यापेक्षा तपासून घ्यावं. आखडलेल्या खांद्यात काही रुग्णांना सांध्यातल्या इंजेक्शनने बराच आराम पडतो, आणि मग व्यायामही देता येतो.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना रुग्णाबरोबर रोज उचलणारं माणूस गेलंच पाहिजे. तिथं कागद मागू नये. “आमच्यासमोर उचलून दाखवा आणि आता आम्हाला उचलू द्या” असं म्हणावं. जानेफळकरांना अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येतं. मुंबईत हाजी अली इथं १९५५ पासून शारीरिक पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे, आणि दुर्मिळ आजारांसाठी परळचं केईएम रुग्णालय केंद्र सरकारने नेमलेलं उत्कृष्टता केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र काढून ठेवलं की चाकाच्या खुर्चीसारख्या साधनांसाठी सरकारी योजनेत अर्ज करता येतो. हे काम आजार वाढण्याआधी, माणूस प्रवास करू शकतो तेव्हाच उरकावं.

आणि शेजाऱ्यांना, भावकीला एक विनंती. अशा घरातून हाक आली की धावत जा, पण लगेच हात घालू नका. आधी त्या घरातल्या बाईला विचारा, “वहिनी, कुठं धरू?” ती रोज उचलते, तिला माहीत असतं.